एकदिवशी काका

नोकरीच्या निमित्तानं प्रागला येऊन मला सात वर्षं झाली. इथल्या चार ऋतूंखेरीज पाचवा ऋतू मला कळू लागलाय तो काकांचा. मे उजाडला की पुणे, ठाणे, नाशिक इथून कुणाचे तरी काका निघतात. सख्खे नव्हेत, आईच्या भिशीतल्या बाईंचे यजमान, वहिनीच्या माहेरचे शेजारी, अशा दर्जाचे. व्हिएन्नाला तीन दिवस, बर्लिनला तीन, आणि वाटेवर पडतं म्हणून प्रागला एक. पुण्याला जाताना खोपोलीला वडा खायला गाडी थांबवावी, तसं.

काका येतात ते प्राग उरकायला. आंघोळ, सत्यनारायण, लग्नाच्या पत्रिका वाटणं आणि प्राग ही त्यांच्या लेखी एकाच जातीची कामं.

यंदाचे काका मंत्रालयातून, बांधकाम विभागातून, अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. हातात टाचलेले दोन कागद, त्यावर ठिकाण, वेळ आणि शेरा असे तीन रकाने. स्वच्छतागृहांसाठी वेगळी खूण, आणि खिशात त्यासाठी सुट्या क्राउनची पुरचुंडी. काकूंच्या पिशवीत दशम्या. मी सगळ्या काकांना ट्रॅमनं आधी वर नेते, किल्ल्यावर. मग दिवसभर उतार लागतो आणि गुडघे आपल्या बाजूनं राहतात.

किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथीड्रलला कागदावर पंचवीस मिनिटं होती. मी सांगितलं, बांधकामाला सुरुवात १३४४, पूर्ण झालं १९२९ साली. काका थबकले. रंगीत काचांतून उतरणारा उजेड काकूंच्या पदरावर पडला होता, पण काका मनात वजाबाकी करत होते. “पाचशे पंच्याऐंशी वर्षं!” त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “आणि आपल्याला उगीच नावं ठेवतात.”

पुढे जुन्या राजवाड्यात ती खिडकी. १६१८ साली प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा सचिव अशा तिघांना इथून बाहेर भिरकावलं. तिघंही वाचले. मेरीमातेनं झेललं, असं कॅथलिक म्हणत. खाली उकिरडा होता, असं प्रोटेस्टंट. तीस वर्षं चाललेल्या युद्धाची ठिणगी ती हीच. युद्धाला काकांनी चार मिनिटं दिली होती, पण ते ‘सचिव’ या शब्दाला अडकले.

“त्याचं पुढे काय झालं?”

“सम्राटानं त्याला सरदार केलं. आडनाव मिळालं फॉन होहेनफाल. म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत उंचपडे.”

काका त्या दिवसात पहिल्यांदा हसले. “निर्णय वरच्यांचे, आणि खिडकीतून जायला सचिव,” असं म्हणून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सचिवास उचित भरपाई मिळाली. ह्या नोंदीत आमची बारा मिनिटं गेली.

नेरुडोवा रस्त्यावर आणखी दहा गेली, कारण काकूंना एका दारावर तीन व्हायोलिनं दिसली. १७७० साली घरांना नंबर मिळाले. त्याआधी अशा चिन्हांवरूनच पत्ता सांगत. काकूंना मग प्रत्येक दार बघायचं होतं. काका दहा पावलं पुढे उभे राहून खाकरत होते. या खाकरण्याला काकू चाळीस वर्षांत सरावल्या असाव्यात. मान काही वळली नाही.

चार्ल्स पुलावर मात्र काका खूश झाले. चौथ्या चार्ल्स राजानं पायाचा दगड बसवला तो १३५७ साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे पाच एकतीसला, असं सांगतात. एक-तीन-पाच-सात-नऊ, आणि नऊवरून उलटं एकापर्यंत. “मुहूर्त!” काका म्हणाले. “वेळेचं महत्त्व असलेला माणूस.” पाचशे सोळा मीटरचा पूल त्यांनी सात मिनिटांत ओलांडला आणि पलीकडच्या टोकावर घड्याळ बघत उभे राहिले.

काकू अर्ध्यावर, नेपोमुकच्या संत योहानापाशी. राणीनं पापकबुलीत काय सांगितलं ते राजाला सांगेना, म्हणून १३९३ साली याला इथून नदीत टाकलं, अशी कथा आहे. “बाई, एक तरी पुरुष निघाला पोटात ठेवणारा,” असं म्हणून त्यांनी हात जोडले. पुतळ्याखालचं पितळ हात लागून लागून सोन्यासारखं झालंय. तिथं हात लावला की प्रागला पुन्हा येणं होतं, हे मी बोलून गेले. परत आलेले काका हादरले. “पुन्हा? अगं, उरकलं ना आता!”

काकूंनी दोनदा हात लावला.

बाराचा घड्याळाचा खेळ अर्थातच हुकला, एकचा मिळाला. हे खगोलीय घड्याळ १४१० सालचं. ठोका पडायच्या वेळी बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वर दोन खिडक्या उघडतात, आणि बारा प्रेषित एकामागून एक येऊन चौकाकडे बघून निघून जातात. मिनिटभरही लागत नाही. शेवटी कोंबडा आरवतो. आजूबाजूचे लोक ‘एवढंच?’ म्हणत फोन खाली घेतात. काका मात्र भारावले होते. “बारा जण, एक मिनिट! असं दर्शन असावं.” सांगाडा ‘चला, वेळ झाली’ म्हणतो आणि शेजारच्या मूर्ती ‘अजून नाही’ अशी मान हलवतात, हेही मी सांगितलं. काकू माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. सकाळपासून आम्ही दोघी तेच करत होतो.

तिथंच फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत. खिडकीपासून सुरू झालेल्या त्या बंडासाठी १६२१ साली इथं सत्तावीस जणांना मारलं. काकू त्यांना वळसा घालून चालल्या. काकांनी कागद घडी घालून तसाच हातात धरला, काही लिहिलं नाही.

दशम्या खाऊन योजेफोव्हला, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, पोचेपर्यंत कागद तासभर मागे पडला होता आणि काकांचा आवाज चढला होता. ज्यू टाउन हॉलवर दोन घड्याळं आहेत. वरचं साधं, खालचं हिब्रू अक्षरांचं. हिब्रू उजवीकडून डावीकडे, म्हणून त्याचे काटेही उलटे फिरतात. वरच्यात बरोबर तीन वाजले होते. काकांनी सवयीनं खालचं वाचलं: छोटा काटा डावीकडे आडवा, मोठा वर. नऊ. सकाळी किल्ल्याच्या दारात होतो ती वेळ.

बराच वेळ ते मान वर करून उभे होते. दिवसभरात इतका वेळ त्यांनी कॅथीड्रललाही दिला नव्हता.

“अगं, याच्या हिशेबानं आपण आत्ताच पोचतोय,” ते म्हणाले.

“हो ना? मग चला,” काकू म्हणाल्या, आणि पुलाच्या दिशेनं चालूही लागल्या.