जिथं जायचं नाही, तिथला प्रवेश

कॉलेजचा अर्ज नेमका कधी भरायचा? सरकारला विचाराल तर उत्तर सोपं आहे. दहावीचा निकाल लागतो, अकरावी प्रवेशाची वेबसाइट उघडते, आपण 100 रुपये भरतो, भाग एकमध्ये नाव, जात, टक्के लिहितो, भाग दोनमध्ये एक ते दहा कॉलेजं पसंतीक्रमानं टाकतो आणि यादीची वाट बघतो. यावर विश्वास ठेवून निकालापर्यंत स्वस्थ बसणारे पालक अजूनही आहेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्याशी सगळे फार हळुवारपणे बोलतात.

जाणते पालक सातवी-आठवीतच कामाला लागतात, आणि सुरुवात करतात चित्रकलेपासून. आता तुम्ही म्हणाल, चित्रकलेचा आणि विज्ञान शाखेचा काय संबंध? संबंध सात गुणांचा आहे. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, आणि इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीच्या गुणांत 7 वाढीव, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. त्यामुळं ज्या मुलानं जेवल्यावर स्वतःचं ताट कधी उचललेलं नाही, ते रविवारी सकाळी तांब्या, वांगं आणि मागं सोडलेला पडदा यांच्यापुढं तास तास बसतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं होतं. ‘जत्रेतला प्रसंग’ हे स्मरणचित्र एका मुलीनं इतकं सुरेख काढलं की परीक्षकानं म्हणे खूष होऊन मान डोलावली. ती कधी जत्रेला गेलेली नाही. रविवारी क्लास असतो. श्रेणी हातात पडली की रंगपेटी धाकट्या मावसभावाकडं रवाना होते, कारण आता पाळी त्याची.

खेळ, शास्त्रीय नृत्य, लोककला यांचेही गुण मिळतात. महाराष्ट्रात लोककलेला उतरती कळा लागलीय असं जे म्हणतात त्यांनी दहावीच्या वाढीव गुणांचे प्रस्ताव पाहावेत. एकूण प्रगती एवढी झाली की 2025 साली राज्यात 211 मुलांना 100 टक्के पडले, त्यातली 113 एकट्या लातूर विभागातली. बेस्ट ऑफ फाइव्ह आणि वाढीव गुण धरून काही मुलं शंभराच्याही पलीकडं गेली असती, पण बोर्ड शंभरावर थांबतं. कर्तृत्वाला अशी वेसण घालणं बरं नव्हे.

आठवीत फाउंडेशन बॅच लागते. नववीचं काही सांगण्यासारखं नाही. नववी हल्ली दहावीचा अभ्यास करण्यात जाते आणि दहावी अकरावीचा. खरा निर्णय दहावीच्या दिवाळीच्या आसपास होतो, तोही कॉलेजात नाही, क्लासच्या एसी ऑफिसात. समोर एक समुपदेशक सर असतात. पालक भाबडेपणानं विचारतात, “सर, कॉलेज कुठलं घ्यावं?” सर हसून म्हणतात, “आधी बॅच ठरवा. कॉलेजचं आम्ही बघतो.”

म्हणजे काय, तर टाय-अप. क्लासचं एका कनिष्ठ महाविद्यालयाशी जुळलेलं असतं. मूल सकाळी सात ते दुपारी तीन क्लासला, आणि त्याचं नाव कॉलेजच्या पटावर. यालाच इंटिग्रेटेड म्हणतात. दोन फिया भरायच्या, एक शिकवल्याबद्दल आणि एक न शिकवल्याबद्दल. “हजेरीची अडचण येणार नाही,” असं सर सांगतात, तेव्हा पालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं ते पूर्वी ‘कॉलेजला मोठं ग्रंथालय आहे’ हे ऐकून उमटत असे. चांगलं कॉलेज कोणतं याची व्याख्याच आता उलटी झालीय. जे कॉलेज मुलाला अजिबात बोलावत नाही, ते उत्तम. जे महिन्यातून एकदा बोलावतं, ते बरं. आणि ज्या कॉलेजात रोज तास होतात आणि प्राध्यापक नावं पुकारतात, तिथं मूल घातलंत तर त्याच्या करिअरचं काय होईल याचा विचार करा.

सरकार हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघतं आणि अधूनमधून कडक होतं. 2018 साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. मुलांच्या मेंदूवर कॉलेजचा हक्क राहिला नव्हताच, निदान अंगठ्यावर तरी राहावा हा त्यामागचा विचार. त्याही आधीपासून कोणाला प्रवेश द्यायचा याची सूत्रं निघत होती. 2008 मध्ये पर्सेंटाइल आलं, ते हायकोर्टानं रद्द केलं. 2009 मध्ये एसएससी बोर्डाच्या मुलांसाठी 90:10 आलं, तेही हायकोर्टानं रद्द केलं. 2010 मध्ये बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, हायकोर्टानं रद्द केलं, पण सुप्रीम कोर्टात तरलं. 2021 मध्ये अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली; मुलं अभ्यासाला बसली आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टानं तीही रद्द केली. राज्यात अकरावीच्या प्रवेशामुळं सर्वांत पक्कं शिक्षण कुणाचं झालं असेल तर ते वकिलांचं.

2025 पासून सगळ्या राज्याची प्रवेशप्रक्रिया एकत्र ऑनलाइन झाली. 21 मेला वेबसाइट उघडायची होती, ती पहिल्याच दिवशी बसली आणि नोंदणी 26 तारखेवर गेली. मधल्या दिवसांत घरोघरी पसंतीक्रमावर जी चर्चा झाली तशी मंत्रिमंडळात खातेवाटपावरही होत नसेल. आमच्या शेजाऱ्यांकडं अशीच चर्चा त्याच्या दोनेक वर्षं आधी झाली होती, तेव्हा सगळं ऐकू येत होतं. भिंती पातळ आहेत. आजोबांना पहिल्या क्रमांकावर रुईया हवं होतं, कारण ते स्वतः माटुंग्याच्या नाक्यावर उभे राहिलेले. वहिनींना मुलुंडचं वझे-केळकर, कारण परतीच्या लोकलला गर्दी कमी. (ती कमी नसते, पण वहिनींना हे सांगणार कोण.) भाऊसाहेब टाय-अपवाल्या कॉलेजवर ठाम. मुलगी म्हणत होती की तिला आर्ट्सला जाऊन मानसशास्त्र घ्यायचंय. त्यावर घरात क्षणभर शांतता झाली आणि मग आजोबांनी विचारलं, “रुपारेलला दुसऱ्या क्रमांकावर टाकायचं का?”

या दहा रकान्यांत एक सापळा आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणजे मनातलं कॉलेज वर टाकावं, तर लागणार नाही ही भीती. लागेल असं टाकावं, तर खरंच लागेल ही भीती. त्यावर उपाय म्हणून गेल्या वर्षीचे कटऑफ पाठ असलेले काका प्रत्येक इमारतीत असतात. त्यांची स्वतःची मुलं केव्हाच परदेशी गेलेली असतात. काका दशांशात बोलतात. “ब्याण्णव पॉइंट आठला तिसऱ्या फेरीत मिळेल, पण तुम्ही दुसरीत थांबा.” हे ऐकून पालक वहीत लिहून घेतात. शिवाय इनहाऊसच्या, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या, 10 टक्के जागा, व्यवस्थापनाच्या 5 टक्के, अल्पसंख्याक संस्थांचा वेगळा कोटा. व्यवस्थापन कोट्याबद्दल काका बोलताना आवाज खाली आणतात आणि कुणीतरी उठून दार लावतं.

इतकी ओढाताण बघून बाहेरच्या माणसाला वाटावं की जागा कमी आहेत. तर राज्यात अकरावीच्या जागा 21 लाखांवर आणि अर्ज करणारी मुलं 14 लाखांच्या आसपास. लाखो बाकं रिकामी राहतात. त्यातल्या कुठल्याशा कॉलेजात एखादा गुणी शिक्षक फळ्यावर रोज प्रमेय मांडतही असेल. पण तिथं मूल गेलं तर त्याला तासाला बसावं लागेल, हा धोका कोण पत्करणार? 2025 च्या पहिल्याच यादीत साडेचार लाखांहून अधिक मुलांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, म्हणून सगळीकडं आनंदीआनंद झाला. ती पसंती कुणाची होती, असा रकाना अर्जात नाही. पुढच्या वर्षी घालायला हरकत नाही: आजोबा, वडील, क्लास, इतर. ‘इतर’मध्ये विद्यार्थी बसेल.

शेजारची मुलगी शेवटी विज्ञानाला गेली. कॉलेज तिनं वर्षात दोनदा पाहिलं, एकदा मूळ कागदपत्रं द्यायला आणि एकदा ओळखपत्राच्या फोटोला. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला ती तासभर आधी पोचली, कारण रसायनशास्त्राची प्रयोगशाळा शोधायची होती. जिन्यात भेटलेल्या शिपाईमामांनी आपुलकीनं विचारलं, “पोरी, बाहेरून परीक्षा देतेस का?” तिच्या वर्गातल्या एका मुलाशी तिची तिथंच पहिल्यांदा ओळख झाली. दोन वर्षं ते एकाच तुकडीत होते.

मग जेईई जानेवारीत, पुन्हा एप्रिलमध्ये, मधे बोर्ड, पुढं सीईटी. अ‍ॅडव्हान्स्ड किती वेळा देता येते हेही एकदा बदलून झालं. नोव्हेंबर 2024 मध्ये दोनाच्या तीन संधी केल्या आणि दोन आठवड्यांत पुन्हा दोन. त्या मधल्या काळात ज्यांनी वर्ष गाळायचं ठरवलं त्यांच्याकडच्या पेढ्यांचं काय झालं कोण जाणे. नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यांबद्दल मी लिहीत नाही. सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहिलेल्यांना त्याची आठवण नकोशी असते.

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीत मात्र दहा रकान्यांवर भागत नाही. तिथं 300 पर्यंत पर्याय भरता येतात. भाऊसाहेबांनी एक्सेलची फाइल केलीय, तिला रंग दिलेत, कॉलेजांची नावं ते आता कोडनंबरनं घेतात. काका रोज संध्याकाळी चहाला येतात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीझ, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला. हे तीन आकडे आजोबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेत. मुलीनं मानसशास्त्राचं नाव काढणं बंद केलंय, त्यामुळं घरात समजूतदारपणा आलाय असं वहिनी सांगतात.

परवा काकांनी चहा घेता घेता सहज एक गोष्ट सांगितली. इंजिनिअरिंगला 75 टक्के हजेरी लागते आणि तासांना खरोखरच जावं लागतं. भाऊसाहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. मुलीला अजून कुणी हे सांगितलेलं नाही.