लाइफर

लातुरात कुणाला काय हाक मारावी हे कळलं नाही की 'सर' म्हणतात, आणि निम्म्या वेळा ते बरोबर निघतं. आमचे सर मात्र अस्सल. फिजिक्सचे. हयात 'लातूर पॅटर्न'मध्ये गेलेली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलं, मुलानं पुण्याहून दुर्बीण पाठवली आणि जिल्ह्याला एक पक्षीमित्र मिळाला.

पक्षी बघणं हे निवांत काम, असा आपला समज. सरांनी त्याचा अभ्यासक्रम केला. सातभाई, वेडा राघू, कोतवाल हा सोपा भाग पहिल्या महिन्यात उरकला. वटवट्या आणि गप्पीदास अवघड, म्हणून त्यांना वेटेज जास्त. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याला ही मंडळी 'लाइफर' म्हणतात. सर मनातल्या मनात 'मार्क' म्हणत असावेत, कारण पक्षी नीट न दिसता उडाला की त्यांच्या चेहऱ्यावर निगेटिव्ह मार्किंग उमटतं.

खाकी टोपी, खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि डोळ्याला दुर्बीण, असा अनोळखी माणूस बांधावर उभा राहिला तर मराठवाड्यात त्याचा एकच अर्थ निघतो. त्यात शक्तिपीठ महामार्गाची चर्चा सुरू झाल्यापासून तर बोलायलाच नको.

"मोजणीला आलाव का सायेब? कोणता गट जायलाय?"

"पक्षी बघतोय," सर म्हणाले. इतकी लंगडी सबब त्या शिवारात आजवर कुणी सांगितली नव्हती. बघता बघता माणसं जमली, कुणीतरी सातबारा घेऊन आलं. शेवटी एका मेंढपाळानं सरांना सोडवलं. टिटवीनं अंडी कुठं घातलीत ते दाखवलं, वर 'यंदा उंचावर घातलीत, पाऊस बक्कळ' हेही सांगितलं. सरांनी टिटवी, तारीख आणि वेळ वहीत टिपली. मेंढपाळाचं नाव विचारायचं राहिलं.

एकट्यानं पाहिलेल्या पक्ष्याला साक्षीदार नसतो, म्हणून सरांना कंपू लागला. तो रविवारी उजाडता चहाच्या टपरीवर सापडला. त्यात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक. यांना लॅटिन नावं मुखोद्गत, पण पक्षी ओळखायला तो आधी बसावा लागतो. कृषी सेवा केंद्राचे मालक सोमवार ते शनिवार कीटकनाशकं विकतात आणि रविवारी 'किडे खाणारे पक्षी कुठं गेले हो' म्हणून हळहळतात. लग्नांचे एक फोटोग्राफर, कारण मोठी लेन्स फक्त त्यांच्याकडे. त्यांची पंचाईत अशी की तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त आणि हिवाळी पाहुणे एकदमच उतरतात. शिवाय नववीतली एक मुलगी. ती मान वर न करता नुसत्या आवाजावरून पक्षी सांगते. तिचं बरोबर असतं, म्हणूनच बहुधा तिला सगळ्यांत शेवटी विचारतात.

खरा सामना नांदेडकरांशी. विभागीय आयुक्तालयावरून या दोन जिल्ह्यांत जे चालतं, तेच इथं चक्रवाकावरून. नांदेडकडे गोदावरी आणि विष्णुपुरीचा जलाशय. लातूरकडे मांजरा, तीही तिच्या मर्जीनं. "तुमच्याकडं पाणीच मिरजेहून रेल्वेनं येतंय, बदकं कशानं येणार?" हा 2016 चा टोमणा नांदेडकर दर हिवाळ्यात नव्यानं मारतात. सर मग माळरान काढतात. चंडोल, पखुर्डी, धाविक. "पाण्यावरचं बदक कुणीही बघेल! ढेकळांतलं ढेकूळ उडेपर्यंत थांबायला नजर लागते." तेवढ्यानं भागलं नाही तर सलीम अली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी निजामाच्या संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, हे खरं. सरांच्या आजोबांच्या विहिरीवर ते पाणी प्यायले, ही सरांची भर.

सलीम अलींचा जन्मदिवस 12 नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींचा 5 नोव्हेंबर; या दोन तारखांमध्ये राज्यभर पक्षी सप्ताह असतो. आमच्याकडे उद्घाटनाला हलगी आणि फटाके. उडण्यासारखं जे असतं ते उडून जातं, आणि मुख्य पाहुणे पक्ष्यांवर पाऊण तास बोलतात.

गेल्या पावसाच्या तोंडावर सर चातक बघायला नांदेडला गेले. चातक काही आला नाही. त्याच सकाळी वहिनींना मागच्या दारी, मोरीजवळच्या पाल्यात, एक पक्षी टुणटुणताना दिसला. "शेपूट नावालाच. बुडाशी लाल, पंखावर निळं-हिरवं." नवरंग! विणीसाठी उत्तरेकडे जाताना तो असा एखाद्या परसात टेकतो. सरांच्या वहीत तो अजून नाही.

"फोटो?" सरांनी कोरड्या घशानं विचारलं.

"हातात खरकटं होतं."

कंपूनं बैठक घेतली आणि पुराव्याअभावी नोंद फेटाळली. नववीतल्या मुलीनं वहिनींना दोनच प्रश्न विचारले आणि आपल्या वहीत त्यांच्या नावावर नवरंग लिहून टाकला. तेव्हापासून सर पहाटे पाचला मोरीपाशी खुर्ची टाकून बसतात. भांडी घासणाऱ्या मावशींनी सांगून ठेवलंय, एक तर सर तिथून उठतील, नाहीतर त्या दुसरं काम धरतील.