मुक्कामी पालक

मुलांच्या वॉर्डात दर कॉटमागे एक रुग्ण आणि साधारण दीड पालक असतो. एक पालक पासवाला. उरलेला अर्धा पास नसताना वॉचमनची नजर चुकवून आत आलेला, त्यामुळे पडद्याआड अर्धाच दिसणारा. मूल भरती झाल्यापासून घरी सोडेपर्यंत उशाशी राहणारी ही मंडळी म्हणजे मुक्कामी पालक. रुग्ण म्हणून त्यांचा केसपेपर नसतो, कर्मचारी म्हणून पगार नसतो, पण वॉर्डातली निम्मी कामे त्यांच्याच गळ्यात असतात.

हा वर्ग सगळीकडे पूर्वापार नव्हता. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्णालये आईबापांना ठरावीक वेळेपुरतेच आत घेत. आईबाप आले की मुले रडतात, म्हणून ते न आलेलेच बरे, असा हिशेब होता. जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ मध्ये चित्रपट केला आणि या हिशेबाला तडा गेला. पुढे १९५९ च्या प्लॅट समितीने भेटीवरची बंधने काढावीत आणि लहानग्यांच्या आयांना सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात अशा समितीवाचून काही अडले नाही. इथे पालकाला बाहेर काढले तर रक्ताचा नमुना लॅबमध्ये कोण नेणार, मेडिकलमधून औषधे कोण आणणार आणि शी-शूचा हिशेब कोण ठेवणार, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते अजून सुटलेले नाहीत.

भरती झाल्यावर पहिल्या तासातच पालकाचे नाव जाते आणि त्याला आकडा मिळतो. बँकेत मॅनेजर असलेली बाई इथे ‘सहा नंबरची आई’ होते आणि त्या हाकेला ओ देऊ लागते. उलट बाजूने ती सगळ्या वॉर्डाला नात्यात ओढते. सफाई करणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, सुई लावणाऱ्या सिस्टर. कोणतेच नाते न लागलेले एकटे डॉक्टर उरतात, आणि ते दिवसातून दोनदाच येतात.

सामानाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. थर्मास, चादर, मोबाइलचा चार्जर, मऊ भाताचा डबा, आजीने दिलेला अंगारा. या सगळ्याला पुरणारे प्लगचे भोक मात्र एकच असते, आणि त्यात आधीच नेब्युलायझर असतो.

पालकाचे मुख्य काम सलाईनकडे पाहणे. ते करायला त्याला कोणी सांगितलेले नसते. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचे १ मिलिलिटर होते, म्हणजे मिनिटाला जितके थेंब पडतील तितकेच मिलिलिटर तासाला जातात. सिस्टर एकदा घड्याळ बघून चाक फिरवते आणि निघून जाते. बापाला हे गणित माहीत नसते, पण थेंब मोजायला गणित लागत नाही. तो मोजतो. थेंब हळू पडू लागले की त्याला औषध कमी पडल्यासारखे वाटते, जोरात पडू लागले की जास्त झाल्यासारखे. नळीत मोहरीएवढा बुडबुडा दिसला की लहानपणापासून पाहिलेले सगळे चित्रपट आठवून तो धावत सुटतो. सिस्टर नळीला टिचकी मारते, बुडबुडा वर जातो, आणि बाप मुलाला वाचवल्याच्या समाधानात पुन्हा स्टुलावर बसतो. मुलाने हात वाकवला म्हणून थेंब थांबले, हे त्याला दुसऱ्या रात्री कळते. तेव्हापासून तो मुलाचा हात धरून बसतो. या कामावर त्याच्याइतका काटेकोर माणूस रुग्णालयाला पगार देऊनही मिळाला नसता.

पावसाळा सरताना डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा या वर्गाचे ज्ञान ऐन बहरात येते. डेंग्यूत खरी काळजी ताप उतरताना घ्यावी लागते. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट होऊ शकते. म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट पाहतात, नाडी आणि रक्तदाब पाहतात, लघवी किती झाली ते विचारतात. पालक फक्त प्लेटलेट पाहतो. निरोगी माणसात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात, हे त्याला तिसऱ्या दिवशी तोंडपाठ असते. नातेवाइकांना फोनवर दिला जाणारा अहवाल एका शब्दात संपतो, ‘बावन्न’. हजार म्हणायची गरज नसते, पलीकडचाही तयारीचा असतो. तो लगेच पपईच्या पानांचा रस सुचवतो. मावशी किवी सुचवते, आत्या बकरीचे दूध. यांतल्या कशाचाही भरवसा डॉक्टर देत नाहीत. तरी एखादा आयटीतला बाप रात्री नऊ वाजता बकरीच्या शोधात पुणे पालथे घालतो. त्याला ते पटलेले असते असे नाही. पण स्टुलावर बसून राहण्यापेक्षा बकरी शोधणे सोपे असते.

आणि आत्या उद्या विचारणार असते.

चार दिवस झाले की पालक ज्येष्ठ होतो. वॉर्डात ज्येष्ठता वयावर किंवा शिक्षणावर नसते, भरतीच्या तारखेवर असते. कोणत्या सिस्टरला एका टोचण्यात शीर सापडते, राऊंड खरोखर किती वाजता होतो, कोणत्या बाथरूममध्ये गरम पाणी येते, हे सगळे त्याच्याकडे जमा असते. नवा पालक रडवेल्या मुलाला घेऊन येतो आणि विचारतो, ‘‘दादा, किती दिवस ठेवतील?’’ ज्येष्ठ पालक मुलाकडे न पाहता त्याच्या फाईलकडे पाहतो आणि म्हणतो, ‘‘पाच धरून चाला.’’ हे निदान डॉक्टरांनी अजून केलेले नसते. पुष्कळदा ते बरोबर निघते, म्हणून त्याचा धाक वाढतो.

राऊंड मात्र त्याचा पराभव करतो. रात्रभर मनात घोळवलेले नऊ प्रश्न घेऊन आईबाप उभे असतात. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, पोट दाबतात, ‘‘छान आहे, खायला द्या’’ म्हणतात आणि सात नंबरकडे वळतात. नऊपैकी एक प्रश्न बाहेर पडलेला असतो, तोही आईचा: ‘‘केळं चालेल का?’’ मग दिवसभर त्या ‘छान’वर चर्चा होते. आईच्या मते कालचे ‘छान’ जास्त छान होते.

संध्याकाळी भेटीला येणारे नातेवाईक मुलासाठी मुलाला न चालणारा खाऊ आणतात. तो पालक खातो. वॉर्डातून बाहेर पडताना मुलाचे वजन उतरलेले आणि बापाचे वाढलेले असते ते यामुळे.

घरी सोडण्याचा निर्णय सकाळी दहाला होतो. कागद तयार व्हायला दुपार होते, आणि विमा कॅशलेस असेल तर मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ. तेवढ्या वेळात उरलेले मच्छर अगरबत्तीचे पाकीट, बादली आणि मग नव्या सहा नंबरसाठी मागे ठेवले जातात. राऊंड आणि सिस्टरांबद्दलची माहिती अर्धा तास उभ्याउभ्या त्यांना दिली जाते. मग बिल येते. त्यात थेंब मोजल्याबद्दल, नमुने पोचवल्याबद्दल किंवा रात्रभर हात धरल्याबद्दल कसलीही वजावट नसते. जादा अटेंडंट पासाचे पैसे मात्र लावलेले असतात.