नवशिक्यांसाठी भूतबंगला: मुक्काम माले, तालुका मुळशी

मुलाबाळांना घेऊन बघता येईल असा भुताटकीचा ॲनिमेशनपट काढायचं तुमच्या मनात आलंच असेल, तर पुण्यात एसी लावून स्टुडिओत बसू नका. चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीच्या रस्त्याला लागा आणि मालेत उतरा. सोबत एक वही, एक छत्री आणि भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला, पण रात्री एकटा अंगणात न जाणारा एक मित्र घ्या. हा मित्र फार कामाचा. कुठल्या जागेचं चित्र काढायचं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

निघण्याआधी 2006 सालचा ‘मॉन्स्टर हाउस’ बघून ठेवा. दिग्दर्शक गिल केनन. पाठीशी स्टीव्हन स्पीलबर्ग आणि रॉबर्ट झेमेकिस. त्यातलं घरच भूत आहे. दार हे तोंड, गालिचा ही जीभ, आत लोंबणारी पडजीभ आणि तळघरातली भट्टी हे काळीज. अंगणात चेंडू गेला की गिळलाच म्हणून समजा. समोरच्या गल्लीतली पोरं घराच्या म्हाताऱ्या मालकाला खविसाला घाबरावं तसं घाबरतात. तो वसावसा ओरडतो खरा, पण पोरं घराच्या तावडीत सापडू नयेत म्हणून. हे पार उशिरा कळतं. त्याची बायको सर्कशीत होती, आयुष्यभर पोरांनी तिला हिणवलं, आणि घर बांधताना ती पायाच्या खड्ड्यात पडून सिमेंटखाली गेली. ती घरात राहिली नाही, ती घरच झाली. नवशिक्याने इथे पेन्सिल खाली ठेवून विचार करावा. दात, नखं, पांढरी साडी हे सगळं नंतर. आधी भुताची तक्रार काय ते ठरवा.

आता भूत निवडा. महाराष्ट्रात माल भरपूर आहे आणि त्याची यादी करून ठेवायचं श्रेय, हसू नका, नाशिकच्या कलेक्टराकडे जातं. ए. एम. टी. जॅक्सनने शाळामास्तरांना प्रश्न पाठवून गावोगावच्या देव-भुतांची माहिती जमवली. 1909 साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढे ते कागद एन्थोवेन या दुसऱ्या साहेबाने लावले आणि कोकणचा खंड 1915 साली निघाला. इंग्रज साहेबाला भुताखेतांची माहिती लिहून देणाऱ्या त्या मास्तरांवर खरं तर वेगळा सिनेमा निघेल.

यादीतलं सगळंच आपल्याला परवडत नाही. मुंजा 2024 साली आदित्य सरपोतदारांनी सिनेमात नेला आणि त्याने गल्ला भरला. तूर्त पिंपळाकडे फिरकू नका. वेताळ मिरवणुकीने निघतो, म्हणजे शेदोनशे पात्रं हलवायची. सेकंदाला चोवीस चित्रं या हिशेबाने तुमचा नातू सिनेमा पुरा करील. हडळ लहान मुलांना नको. गिऱ्हा पाण्यात राहतो, धरणाकाठी तो शोभेल, पण ॲनिमेशनमध्ये पाण्याइतकं महाग काही नाही. सगळ्यात स्वस्त चकवा. त्याला ना तोंड, ना हातपाय. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच बांधावर येतो. एकच देखावा रंगवा आणि दहा वेळा वापरा. प्रेक्षक म्हणतील काय वातावरणनिर्मिती आहे!

पण आपला विषय घर आहे, तेव्हा घराकडे या. नवशिके इथे हमखास चुकतात. पडकं कौलारू घर दिसलं की कॅमेरे काढतात. पडक्या घराला भिण्यासारखं काय आहे? तिथे कोंबड्या असतात, एक म्हातारी असते, आणि ती चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. भुताटकी बघायची तर तळ्याकडे तोंड करून बसलेला सुट्टीचा बंगला गाठा. झोपाळ्यावर प्लास्टिकची खोळ. पोहण्याच्या तलावावर निळी ताडपत्री, तिच्या खोलगट पोटात पावसाचं पाणी आणि त्यात कुजलेली पानं. नावाच्या पाटीवर नवराबायकोच्या नावांची अर्धी अर्धी अक्षरं जोडून केलेलं नाव. आणि सात वाजले की पोर्चमधला दिवा लागतो. आत कुणीही नसताना. रखवालदार फाटकाशी भेटतील, त्यांच्याशी अदबीने बोला.

“मामा, आत कोण असतं?”

“कोण न्हाय. मालक दिवाळीला येत्यात.”

“मग दिवा कोणी लावला?”

“त्यो त्याचा त्योच लागतो.”

“भीती नाही वाटत?”

“भीती कसली? बिल मालक भरत्यात.”

हा संवाद जसाच्या तसा घ्या. लेखकाचे पैसे वाचले.

आता तक्रार. ती शोधायला लांब जायला नको, समोर पाणी पसरलंय ते बघा. टाटांच्या वीज कंपनीचं हे मुळशी धरण होऊ नये म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा इथलीच. धरणं आणि विस्थापन हे शब्द वर्तमानपत्रांत रोजचे होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. 1924 पर्यंत लढा विझला, धरण उभं राहिलं, पन्नासएक गावांची जमीन आणि घरं गेली. पाणी डोंगर फोडून पलीकडे कोकणात भिऱ्याला उतरवलं. 1927 पासून तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. थोडक्यात, ओटे, माजघरं, देवळं आणि आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली, आणि दिवे सह्याद्रीपलीकडे. अमेरिकेतल्या त्या घराच्या पायात एक बाई होती. इथे तळ्याच्या पायात खोरं आहे. याहून जास्त तक्रार कुठल्या भुताला लागते?

कथेचा सांधा असा जुळवा. बंगल्याच्या मालकाला जुन्या वस्तूंचा भारी सोस. त्याने पुण्यातल्या दुकानातून एक सागवानी चौकट आणून दर्शनी दाराला बसवली आहे: वर गणेशपट्टी, दोन्ही अंगांना कोरलेल्या वेली, उंबरठा मधोमध झिजलेला. ही चौकट बुडालेल्या घराची. घर सोडताना कुणीतरी उपसून नेलेली, मग विकलेली, पुन्हा विकलेली. बंगला नवा, पण तोंड जुनं. बाकी भिंतींना काही आठवत नाही, सगळं त्या तोंडाला आठवतं. पाहुणे बूट घालून उंबरठ्यावर उभे राहिले की ते कुरकुरतं. कुणी ‘लेक व्ह्यू’ म्हटलं की दार धाडकन मिटतं. पात्रं म्हणून रखवालदाराची नात, मालकाचा मुंबईकर मुलगा आणि एक कुत्रं पुरे. कुत्र्याला बोलायला लावू नका, ते आता सगळेच करतात.

भीतीचं प्रमाण जपा. सेन्सॉर मंडळाने 2024 पासून यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे भाग केले आहेत. आपलं लक्ष्य सात. म्हणजे दचकवलं की पाठोपाठ हसवायचं. मधला वेळ पोराने आईचा दंड धरण्याइतकाच. मांत्रिक अजिबात घालू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारझोड केली तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा होतो, आणि हे मुलांना जितक्या लवकर कळेल तितकं बरं. आपल्याकडे भूत शांत करायला तलाठी येईल. तो चौकटीसमोर उकिडवा बसून विचारील, “सातबारा आहे का?” बंगला पहिल्यांदा गप्प होईल तो इथे.

हालचालींसाठी ‘मॉन्स्टर हाउस’वाल्यांनी नटांच्या अंगावर खुणेचे ठिपके लावून त्यांचा अभिनय संगणकात उतरवला होता. तुम्ही मामेभावाला काळे घट्ट कपडे घालून बायकोच्या टिकल्या चिकटवा. भाऊ ऐकत नसेल तर जेवणाचं आमिष दाखवा.

शेवटच्या मारामारीत परदेशी घर जमिनीतून उठून पोरांच्या मागे धावतं आणि धुराड्यात सुरुंग टाकून त्याला उडवतात. आपल्यात सुरुंग नको, खोऱ्याने ते पुरेसे ऐकलेत. आपला बंगला उठेल, झोपाळा फरफटत, ताडपत्री पदरासारखी सावरत उतार उतरेल आणि पाण्याशी थबकेल. त्याला पोहता येत नाही. कथा इथे अडते, आणि निर्माते इथेच विचारतील की सुखान्त कुठाय. रखवालदाराची नात चौकटीला विचारते, तुझं घर नेमकं कुठे होतं? मग उन्हाळ्यात पाणी ओसरेपर्यंत थांबायचं का, चौकट बंगल्यातून काढायची का, आणि काढली तर बंगल्याला दार कुठून आणायचं, यावर तिघांचं (कुत्र्यासकट) भांडण लावून द्या आणि ते भांडण चांगलं दहा मिनिटं चालू द्या. मुंबईकर मुलगा बाबांना फोन लावतो. बाबा म्हणतात, चौकटीची पावती आहे माझ्याकडे.

पहिला खेळ मालेतच, शाळेच्या भिंतीवर पडदा लावून करा. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, धबधबेवाल्यांच्या गाड्यांत प्रोजेक्टर अडकून पडेल. जनरेटर आपला आणा. ऐन रंगात लाइट गेली तर प्रेक्षक तो सिनेमाचाच भाग समजतील, आणि पुढच्या खेळाला तीच करामत मागतील.