येणार, येणार, स्वस्त लॅपटॉप येणार!

स्वस्त लॅपटॉपचं भविष्य सांगायचा खरा अधिकार उरणकरांचा. 1989 पासून न्हावा-शेवा बंदर दारात आहे. करळ फाट्यावर अडकलेल्या माणसाला पुढच्या कंटेनरकडे बघत अंदाज बांधण्यापलीकडे उद्योग काय? आत लॅपटॉप आहेत की टाइल्स, हे बाहेरून कळत नाही, पण म्हणून अंदाज थोडेच थांबतात! "पंधरा हजारांत सोळा जीबी रॅम, दिवाळीच्या आत," असं मागचा बाइकवाला सांगतो, तेही हेल्मेट न काढता.

या विषयात मोठ्यांनीही कमी केलेली नाही. 2009 मध्ये पाचशे रुपयांच्या सरकारी लॅपटॉपचा गाजावाजा झाला. तिरुपतीत अनावरण झालं, तेव्हा त्याला ना स्क्रीन होती, ना कीबोर्ड. किंमत मात्र अगदी वाजवी! 2023 मध्ये नवं जिओबुक आलं: 16,499 रुपये, चार जीबी रॅम, 64 जीबी जागा. आगरी घरातल्या एका हळदीचं शूटिंग टाकलं की जागा संपली; लग्न पेन ड्राइव्हवर. पाठोपाठ ऑगस्टात सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लावला आणि दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलली. अंदाजवाल्यांना एवढी सुपीक जमीन सिडकोनेही कधी दिली नाही.

तेव्हा आमचंही भाकीत लिहून ठेवा: पुढच्या लॅपटॉपची किंमत '9,999 पासून' असेल, आणि त्या 'पासून'मध्ये चार्जर धरलेला नसेल.