बाबांचं मनगट

मँचेस्टर
पौष वद्य पंचमी

ती. सौ. आईंना,

बाबा काल फोनवर तुम्हाला "जरासं खरचटलंय" म्हणाले, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. खरचटलेलं नाही. उजवं मनगट मोडलंय. बाकी तब्येत ठणठणीत आहे, सकाळपासून दोनदा चहावरून भांडले. तेव्हा घाबरू नका.

कारण ऐका. इथे सध्या सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, आणि उगवला हेही बातम्यांतूनच कळतं. तरी बाबा रोज मागच्या पायरीवर तांब्या घेऊन अर्घ्य द्यायचे. परवा आदल्या दिवशीच्या अर्घ्याचा तिथे बर्फ झाला होता. तळहातावर पडले. तांब्याला पोचासुद्धा नाही.

आपल्या काशीत ब्रह्माघाटावर असते तर गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून चार पोरांनी खुर्चीत घालून मैदागिनपर्यंत नेलं असतं, आणि कबीरचौऱ्याच्या हॉस्पिटलात कुणीतरी ओळखीचं निघालंच असतं. इथे इमर्जन्सीत पेशंटबरोबर एकच माणूस, म्हणून ह्यांना गाडीत बसवून बाबांबरोबर मी आत गेले. बाबांनी आधी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. ओळखीचं कुणी नाही म्हटल्यावर पहिल्यांदा त्यांचा हात दुखू लागला.

प्रथम नर्स तपासते आणि कोण किती तातडीचं ते ठरवते. त्याला रंग आहेत: लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार. ही पद्धत 1990च्या दशकात याच गावात निघाली, आता कितीतरी देशांत चालते. नर्सने विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? बाबा म्हणाले, "दोन." चेहरा भिंतीसारखा पांढरा. मी डोळ्यांनी खुणावलं तर मला मराठीत म्हणतात, "परक्या बाईपुढे रडू काय?" नशीब, तिने मनगट पाहिलं. पालथ्या काट्यासारखं वाकलं होतं. स्वतःच आकडा वाढवला, गोळी दिली आणि पिवळ्यात घातलं.

मग पुष्कराजाची अंगठी. हात सुजण्याआधी काढली नाही तर कापावी लागेल, असं ती म्हणाली. गुरुजींनी सांगितल्याशिवाय काढायची नाही, असं बाबा म्हणाले. साबण लावून ती जिंकली. अंगठी माझ्या पर्समध्ये आहे, गुरुजींना तूर्त कळवू नका.

एका तासाचे साडेतीन झाले. 100पैकी 95 पेशंट चार तासांत मोकळे व्हावेत असा इथला नियम आहे, पण 2015नंतर इंग्लंडभरात तो एकदाही पाळला गेलेला नाही. आमच्यामागून आलेल्या, धाप लागलेल्या एका मुलाला लगेच आत नेलं, तेव्हा बाबा उठून उभे राहिले: "आमचा नंबर आधी होता!" मी समजावलं की इथे आधी आलेल्याला नाही, जास्त धोक्यात असलेल्याला आधी नेतात, आपल्याला बसवून ठेवलंय म्हणजे आपण बरे आहोत. हे त्यांना इतकं पटलं की नंतर ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याच्याकडे ते हळहळून पाहू लागले. शेजारच्या आजोबांना त्यांनी कबीरचौऱ्याचं हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं त्या शिवप्रसाद गुप्तांची, त्यांनी काढलेल्या 'आज' वर्तमानपत्राची आणि त्याचे संपादक आपले पराडकर यांची सगळी हकीकत सांगितली. हिंदीत. आजोबा मान डोलवत होते.

भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं, म्हणून डॉक्टर बघेपर्यंत खाणंपिणं बंद होतं. तुमच्या चिवड्याचा डबा माझ्या पिशवीत आहे हे बाबांना ठाऊक होतं. फार वाईट वेळ गेली.

माणूस तोच आहे ना, याची खात्री करायला जो येईल तो नाव आणि जन्मतारीख विचारतो. रिसेप्शनला बाबांनी 1 जुलै सांगितली, नर्सला 'ती शाळेत घातलेली' म्हणाले, आणि एक्स-रेवाल्याला थेट तिथी. तो घाबरून बाहेर आला, मग मी पासपोर्ट दाखवला.

या मोडण्याला डब्लिनच्या कोलेस नावाच्या सर्जनचं नाव आहे. त्याने 1814मध्ये, म्हणजे एक्स-रेच्या कितीतरी आधी, नुसत्या हाताने चाचपून ते ओळखलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मनगटातच सुई देऊन जागा बधिर केली, दोघांनी ओढून हाड बसवलं. सूज उतरायला जागा हवी म्हणून प्लास्टर सध्या अर्धंच आहे. हाड बसवताना बाबांनी 'हर हर महादेव' अशी आरोळी ठोकली. पलीकडच्या पडद्यातून कुणीतरी 'आमेन' म्हणालं.

बाहेर पडताना पाकीट काढून "कुठे भरायचे?" कुठेच नाही. इमर्जन्सीतले उपचार पाहुण्यांनाही फुकट आहेत. बाबांना हे मुळीच आवडलं नाही, फुकटचं औषध लागू पडत नाही म्हणतात. त्यांची हौस मंगळवारी फिटेल: पुढची तपासणी फुकटात बसत नाही, आणि पाहुण्यांना दर दीडपट असतो.

म्हणून विम्याचा कागद तातडीने हवा आहे. तो पंचांगात ठेवलाय, एवढं बाबांना आठवतं. कुठल्या सालच्या, ते आठवत नाही. भाऊजींना माळ्यावर चढायला सांगा.

तुमची सून