दगडाचे गुण

आईला घेऊन शांघायला गेलात तर तिला काहीही दाखवा, यूयुआन बाग मात्र दाखवू नका. ही बाग एका मुलाने म्हाताऱ्या वडिलांना निवांतपणा लाभावा म्हणून बांधली आणि तिथले गाइड नेमकं तिथूनच सुरू करतात. ते ऐकून आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर दुपारभर हटली नाही.

मुलाचं नाव पान युनदुआन. वडील पान एन हे मिंग दरबारात मंत्री, तेही शिक्षा खात्याचे. चिरंजीव बादशाही परीक्षेत नापास होऊन घरी आले आणि 1559 साली घराजवळच्या भाजीच्या वाफ्यांवर त्यांनी बागेचं काम काढलं.

"नापास होऊनसुद्धा, बघ!" आई म्हणाली.

पुढे ते पास झाले, सरकारी नोकरीत थेट सिच्वानपर्यंत पोचले आणि इकडे काम रेंगाळलं. 1577 साली राजीनामा देऊन परतल्यावर त्यांनी पुन्हा मनावर घेतलं. 1582 मध्ये वडील वारले. म्हणजे ज्यांच्या निवांतपणासाठी हा सगळा खटाटोप, त्यांचं म्हातारपण गवंडी-सुतारांच्या ठोकाठोकीत गेलं. खर्चापायी घराणं डबघाईला आलं ते वेगळंच. हे शेवटचं वाक्य मी आईला दोनदा ऐकवलं.

बागेच्या तोंडाशी तळं आहे आणि त्यावर नऊ वळणांचा पूल. भुतांना फक्त सरळ चालता येतं अशी समजूत, म्हणून पूल वाकडा. भुतांचं भुतं बघून घेतील, माणसं मात्र पक्की अडकतात. प्रत्येक वळणावर भाड्याच्या रेशमी झग्यातली एक मुलगी कठड्याला रेलून दूर कुठेतरी पाहत असते आणि तिचा फोटो काढणारा मित्र, मागे न बघता, तुमच्या पायावर येत असतो. चारशे वर्षांपूर्वी एका माणसासाठी आखलेल्या शांततेचा लाभ घ्यायला अख्खं शहर आलेलं असतं.

तिकीट काढून आत गेलं की दुसरी गंमत. बाग जेमतेम पाच एकर, पण ती पुरती दिसतच नाही. भिंत, भिंतीत गोल दरवाजा, पलीकडे तळं, तळ्याआड सज्जा, सज्जामागे पुन्हा भिंत. आपण प्रवासाला निघतो ते 'पाहून झालं' असं म्हणायला. इथे ती सोयच ठेवलेली नाही. "हे मघाशी पाहिलं का रे?" असं आई दर दरवाजाशी विचारायची. पाहिलेलं असायचं, पण दुसऱ्या बाजूने, आणि ते वेगळंच असायचं.

झांग नानयांग नावाच्या कारागिराने पिवळसर दगडांचा एक डोंगर रचलाय. त्याच्या माथ्यावर मंडप आहे, नदी पाहण्यासाठी. एके काळी तिथून ह्वांगपू नदीतली शिडं दिसत. आता तो आपल्याकडच्या 'सी व्ह्यू' फ्लॅटच्या वळणावर गेलाय: नाव आहे, नदी नाही. बाहेरचं दृश्य बागेसाठी उसनं घ्यायची चिनी बागकामात जुनी रीत आहे. शहराने हे उसनं फारच सढळ हाताने दिलंय. कौलारू छपरांवर नजर टाकावी तर मागून 632 मीटरचा शांघाय टॉवर डोकावतो.

पण बागेची खरी शान म्हणजे एक दगड. तीन मीटरहून उंच, अंगभर भोकं. तळाशी धूप जाळला की भोकाभोकातून धूर येतो आणि वरून पाणी ओतलं की सगळीकडून झिरपतं, असं कौतुकाने सांगतात. चांगल्या दगडाच्या कसोट्या चिनी रसिकांनी ठरवून ठेवल्यात. तो सडपातळ हवा, सुरकुतलेला हवा, आरपार दिसणारा हवा आणि गळका हवा. मी मधल्या एका भोकाला डोळा लावल्यासारखा उभा राहिलो. मागच्या भिंतीचा तुकडा दिसला. एक पाऊल सरकलो, भिंत गेली आणि हिरवी पानं आली. अख्ख्या बागेची युक्ती त्या एका दगडात होती.

बाहेर पडताना मी विषय कायमचा मिटवायचं ठरवलं. "आई, तुलाही हवी का अशी बाग?"

"छे! त्याने बापाला विचारलं तरी होतं का? म्हाताऱ्याला ते भाजीचे वाफेच बरे वाटले असते. सकाळी उठावं, दोन वांगी तोडावीत."

माझा जीव भांड्यात पडला.

"मला बाग नको नि डोंगर नको," ती पुढे म्हणाली, "स्वयंपाकघराचा स्लॅब गळतोय, तेवढा करून घे. कधीची सांगतेय."

"अगं, गळणं हा गुण आहे! आत्ताच ऐकलंस ना?"

आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "दगडाचा."